हा माणूस खरंच होता बघा

गोष्टीचं पुस्तक वाचून संपलं की अप्पा ते लगेच मिटत नसत. शेवटच्या पानात बोट घालून आम्हा दोघी बहिणींकडे बघायचे आणि म्हणायचे, "हा माणूस खरंच होता बघा." बस, एवढंच. पुढचं सांगण्यासाठी आम्ही "कोण? कुठं?" विचारायची ते वाट बघायचे, आणि आम्ही विचारायचोच.

अप्पा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते, मुकादमच म्हणा. साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळं घरातही ते मोठ्यानंच बोलायचे. त्यामुळं ते गोष्ट वाचायला बसले की ती सगळ्या वाड्याला ऐकू जायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी, थोडी डुलकी, आणि मग वाचनालयातून आणलेलं पुस्तक. पुस्तकाला खाकी कव्हर, त्याच्या कोपऱ्यात अप्पांच्या अंगठ्याचा काळपट ठसा. हात कितीदा धुतले तरी नखांच्या कडेला ऑइल राहायचंच. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर जांभळ्या शाईचे शिक्के. काही पुस्तकांवर ओळीनं तीन-तीन शिक्के आमच्याच नंबरचे असायचे.

ऐकायला शेजारची अक्का यायची. ती पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी तिच्या पद्धतीचं मराठी. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं. गोष्ट चालू असताना तिचे हात बिड्या वळतच असायचे, बघावं लागायचं नाही. पण नायक संकटात सापडला की दोरा गुंडाळता गुंडाळता हात हवेत थांबायचा. अक्काचा हात थांबला की अप्पा मुद्दाम पाणी प्यायला उठायचे.

मला कळलेला पहिला खरा माणूस निर्जन बेटावरचा. अलेक्झांडर सेल्कर्क, स्कॉटलंडमधल्या एका चांभाराचा मुलगा, मोठा भांडखोर खलाशी. १७०४ साली त्याचं जहाज चिलीच्या किनाऱ्यापासून साधारण ६७० किलोमीटरवरच्या एका बेटापाशी थांबलं होतं. जहाजाचं लाकूड किड्यांनी पोखरलेलं. हा कप्तानाला म्हणाला, असल्या जहाजातून जाण्यापेक्षा मला इथंच सोडा. कप्तानानं खरोखरच सोडलं. होडी परत निघाली तसा त्याचा धीर सुटला, तो हाका मारत पाण्यात शिरला, पण कोणी वळून आलं नाही. जहाज पुढं बुडालं, म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असूनही तो चार वर्षं चार महिने त्या बेटावर एकटा राहिला. रात्री उंदीर पाय कुरतडायचे म्हणून त्यानं रानमांजरं माणसाळवली. बंदुकीची दारू संपल्यावर पळत जाऊन हातानं बकऱ्या धरायला शिकला. १७०९ च्या फेब्रुवारीत वुड्स रॉजर्स या इंग्रज कप्तानाच्या जहाजांनी त्याला उचललं, तेव्हा त्याच्या अंगावर बकऱ्याची कातडी होती आणि बोलताना तो शब्द अर्धेच उच्चारत होता. बोलण्याची सवय मोडली होती.

दहा वर्षांनी, १७१९ साली, डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी आली. तिच्यातला नायक बेटावर अठ्ठावीस वर्षं राहतो, शेती करतो, आणि त्याला सोबत मिळते, फ्रायडे नावाचा माणूस मिळतो. अक्कानं त्या दुपारी विचारलेलं मला अजून आठवतं. "ते खऱ्या पोराला कोणी नव्हतं काय बोलायला?" अप्पा म्हणाले, "नव्हतं. मांजरं होती." अक्कानं बिडी खाली ठेवली आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. गोष्टीतल्या माणसासाठी ती कधी हळहळली नव्हती, त्याचं शेवटी बरंच होणार हे तिला ठाऊक असायचं.

चिली सरकारनं १९६६ साली त्या बेटाला रॉबिन्सन क्रूसोचं नाव दिलं. खऱ्या सेल्कर्कचं नाव दिलं शेजारच्या दुसऱ्या बेटाला, जिथं तो कधी राहिलाच नव्हता. हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. अक्का असती तर तिला सांगितलं असतं.

अप्पांचा एक दावा मात्र चुकीचा निघाला, आणि तो चूक ठरवणारी मीच. पाणबुडीतला कॅप्टन निमो म्हणजे आपले नानासाहेब पेशवे, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. १८५७ नंतर नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले आणि दिसेनासे झाले. निमो या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोणीही नाही'. इंग्रजांवरचा राग, गमावलेलं घरदार, नाव टाकून दिलेला राजा. यात शंका कसली? कॉलेजात असताना मी शोधून काढलं की निमोचा लेखक ज्यूल व्हर्न याच्या मनात आधी पोलंडचा एक सरदार होता, रशियानं ज्याचं कुटुंब मारलं असा. प्रकाशक हेटझेल तयार झाला नाही, रशियातल्या खपाचा प्रश्न होता. म्हणून पाणबुडीच्या कादंबरीत निमोचा देश सांगितलेलाच नाही. पुढं १८७४-७५ च्या कादंबरीत तो मरताना सांगतो की मी बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा डक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला, सत्तावनच्या लढ्यात बायकामुलं गमावलेला. आणि नानासाहेब व्हर्ननं स्वतःच्या नावानिशी वेगळे आणलेत, १८८० च्या, वाफेवर चालणाऱ्या हत्तीच्या कादंबरीत, तेही खलनायक म्हणून.

हे सगळं मी अप्पांना मोठ्या हुशारीनं ऐकवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण सत्तावनचा होता ना? मग आपलाच." त्यांच्या या उत्तरापुढं मला तेव्हाही काही सुचलं नाही.

त्यांचं सगळ्यात आवडतं पुस्तक होतं तुरुंगातून निसटलेल्या आणि खजिना सापडलेल्या माणसाचं, ज्याला आपण मॉण्टे क्रिस्टोचा काउंट म्हणतो. निरपराध खलाशाला मित्रच दगा देतात, समुद्रातल्या किल्ल्यात तो चौदा वर्षं सडतो, मग निसटतो आणि एकेकाचा हिशेब चुकता करतो. मिल बंद पडल्यावर अप्पांनी ते पुन्हा आणलं. भोंगा होत नव्हता, पण ते पहाटे उठायचे, अंघोळ करून बसायचे, आणि मग काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. फंडाचे पैसे आले. ग्रॅच्युइटीसाठी दहा-बारा वर्षं खेटे घातले. शर्टाच्या खिशात घडी घातलेला अर्ज, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. कागदाच्या घड्या इतक्या झिजल्या की आईनं त्याला मागून पातळ कापड चिकटवून दिलं. ते पैसे आले नाहीत. पण पुस्तकात काउंट एका सावकाराला कंगाल करतो ते प्रकरण अप्पा मोठ्यानं वाचायचे, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी दुसऱ्या कशानंही आलेलं पाहिलं नाही.

"हा माणूस खरंच होता बघा," या पुस्तकाबद्दलही ते म्हणायचे. कोण ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, "असणारच. एवढं कोणी मनानं लिहीत नाही."

ते गेल्यावर मला तो माणूस सापडला. खरं म्हणजे दोन सापडले. एक पोलिसांच्या दफ्तरातून आलेला, पिको नावाचा चांभार, त्याच्या हेवा करणाऱ्या मित्रांनी त्याला इंग्रजांचा हेर म्हणून पकडून दिलं होतं. सूडाचं कथानक तिथून घेतल्याचं लेखकानं स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्या कथानकात जीव भरणारा माणूस दुसरा, तो लेखकाच्या घरातलाच. टॉम राइस यांनी लिहिलेल्या ज्या चरित्राला २०१३ सालचं पुलित्झर मिळालं ते वाचताना तो मला भेटला.

मॉण्टे क्रिस्टो लिहिणाऱ्या अलेक्झांडर ड्युमाचे वडील, जनरल तोमा-अलेक्झांडर ड्युमा. जन्म १७६२, आजच्या हैतीमध्ये. बाप फ्रेंच उमराव, आई गुलाम काळी बाई. फ्रान्सला परतायच्या खर्चासाठी बापानं या मुलाला गहाण टाकलं होतं आणि नंतर सोडवून घेतलं. १७८६ साली तो साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरला, बापाचं मोठं आडनाव टाकून आईचं लावून, आणि सातच वर्षांत सेनापती झाला. आल्प्सच्या डोंगरांत एका पुलावर त्यानं एकट्यानं शत्रूची तुकडी रोखून धरली. इजिप्तच्या मोहिमेत नेपोलियनशी बिनसलं. १७९९ मध्ये परत निघाला तर जहाज गळकं, वादळात ते इटलीच्या दक्षिणेला तारांतो बंदरात लागलं आणि तिथं त्याला कैद झाली. दोन वर्षं. बाहेर आला तो लंगडत, एका डोळ्यानं अधू, कानानं मंद. आपल्यावर विषप्रयोग झाला असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. नेपोलियननं त्याला पुन्हा काम दिलं नाही आणि थकलेला पगारही दिला नाही. १८०६ साली तो गेला. विधवेनं पेन्शनसाठी अर्जावर अर्ज केले, तेही मंजूर झाले नाहीत.

मुलगा तेव्हा पुरता चार वर्षांचाही नव्हता. त्यानं आठवणींत लिहिलंय की वडिलांना देवानं नेलं असं कळल्यावर तो वडिलांची बंदूक घेऊन जिना चढायला लागला. आईनं विचारलं कुठं चाललास, तर म्हणाला, वर जाऊन देवाला मारणार, त्यानं माझ्या बाबांना मारलं.

हे पान मी रात्री वाचलं आणि पुस्तक तसंच उपडं ठेवून अंगणात आले. त्या मुलानं मोठेपणी कादंबरीत कैद्याला किल्ल्यातून बाहेर काढलं, त्याच्या हातात खजिना दिला, एकेकाला त्याच्यासमोर उभं केलं. वडिलांना जे काहीच मिळालं नव्हतं ते सगळं दिलं. आणि दीडशे वर्षांनी सोलापुरातल्या एका वाड्यात, खिशात चिकटवलेला अर्ज घेऊन बसलेला माणूस ते वाचून समाधान पावत होता. त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण अप्पांनी अंदाज बरोबर बांधला होता. एवढं कोणी मनानं लिहीत नाही.

आता आमच्या जवळच्या माणसाबद्दल. सोलापुरातून हैदराबाद रस्त्याला लागलं की बोरामणी, मग अणदूर, आणि तासाभरात नळदुर्ग. १८५३ च्या तहात निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि तिथं अंमलदार म्हणून एक लेखक आला, फिलिप मेडोज टेलर. तो पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला, निजामाच्या नोकरीत मुरलेला. त्याची पहिली कादंबरी १८३९ ची, एका ठगाच्या कबुलीजबाबाची. तीही मनानं लिहिलेली नाही. प्रस्तावनेतच तो सांगतो की यातली हकीकत जवळजवळ सगळी खरी आहे, अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार आपल्याला १८३२ साली भेटला आणि ७१९ खुनांत आपला हात असल्याचं त्यानं कबूल केलं. वाटेत प्रवाशांशी मैत्री करायची, दोन-चार मुक्काम सोबत काढायचे, मग कोणीतरी "तंबाखू लाओ" म्हणायचं, आणि रुमाल गळ्याभोवती. ठगांबद्दल इंग्रजांनी जे लिहिलं त्यातलं किती खरं आणि किती त्यांच्या सोयीचं, यावर आज इतिहासकारांत वाद आहे आणि तो असायलाच हवा. टेलर कोवळ्या वयात याच भागात पोलीस अंमलदार होता, आणि आपली तिथून बदली झाली नसती तर ठगांचा छडा आपणच लावला असता ही चुटपुट त्याला जन्मभर राहिली.

तुळजापूरही त्याच्या लिखाणात आहे. १८६३ साली आलेल्या कादंबरीची नायिका तारा तुळजापूरची, देवीच्या पुजाऱ्याची मुलगी, आणि काळ अफजलखानाच्या स्वारीचा. म्हणजे आपल्या नेहमीच्या रस्त्यांवरून हा माणूस घोड्यावर फिरला आणि जे दिसलं, ऐकलं ते त्यानं इंग्रजीत नेलं.

त्याचं आत्मचरित्र मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलं ते ठगांसाठी. अडकले मात्र सुरपूरवर. सुरपूर म्हणजे आजच्या यादगीर जिल्ह्यातलं बेरड राजांचं छोटं संस्थान. तिथला राजा १८४२ साली गेला, मुलगा वेंकटप्पा नायक लहान, दरबारात भांडणं. निजाम आणि इंग्रजांच्या वतीनं टेलर कारभार बघायला होता. त्या पोरक्या मुलाला त्यानं शिकवलं, वाढवलं. मुलगा त्याला काय हाक मारायचा ते वाचताना माझं बोट ओळीवर थांबलं. अप्पा. सगळं इंग्रजी, आणि मधेच आमच्या घरातला शब्द. सोलापूरकडं कानडी-मराठी घरांत वडिलांना अशीच हाक मारतात, मी आयुष्यभर मारली.

मुलगा वयात आल्यावर १८५३ साली टेलरनं राज्य त्याच्या हाती दिलं आणि स्वतः नळदुर्गला आला. पाच वर्षांनी, १८५८ च्या फेब्रुवारीत, तो मुलगा इंग्रजांविरुद्ध उठला. पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटायला गेला. त्याच्यामागं कोण होतं हे इंग्रजांना हवं होतं, मुलानं कोणाचं नाव सांगितलं नाही. मला चोरासारखं फाशी देऊ नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. टेलरनं रदबदली केली. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि वागणूक चांगली राहिली तर राज्यही परत मिळायची शक्यता होती. कैदेसाठी मद्रासकडं नेताना पहिल्याच मुक्कामावर, सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाच्या गोळीनं त्याचा अंत झाला. बेरडाचं पोर, बंदिवास त्याला सोसणारा नव्हता. वय चोवीस.

टेलरनं सहा कादंबऱ्या लिहिल्या. टिपू, शिवाजी, प्लासी, सत्तावन, चांदबिबी, सगळं येऊन गेलं. ठगाच्या डोक्यात शिरून त्याच्या तोंडून शेकडो पानं बोलला. वेंकटप्पावर एकही कादंबरी नाही. साहसकथेला लागतं ते सगळं त्या आयुष्यात होतं, पोरका राजपुत्र, गढी, बंड, विश्वासघात, तुरुंगातली भेट. मी पुन्हा पुन्हा विचार करते की त्यानं ते का लिहिलं नसेल. तो कंपनी सरकारच्या बाजूचा माणूस, मुलगा त्या सरकारविरुद्ध लढलेला, हे एक कारण असेलच. पण मला वाटतं, कादंबरी लिहायची तर त्याला त्या मुलाला वाचवावं तरी लागलं असतं, नाहीतर स्वतःच्या हातानं पुन्हा मारावं लागलं असतं. ड्युमाला बाप आठवत होता तो जेमतेम, म्हणून त्याला हवं ते देता आलं. टेलरला सगळंच आठवत होतं. मुलाची हाकसुद्धा. म्हणून त्यानं ते आत्मचरित्रात सरळ, जसं घडलं तसं लिहिलं, नाव न बदलता. ते पुस्तक छापलेलं बघायला तो राहिला नाही. १८७६ साली तो गेला, डोळे आधीच गेले होते. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीनं ते कागद लावून, संपादून पुस्तक काढलं.

अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही दोघी बहिणी तुळजापूरला देवीला गेलो आणि परतताना नळदुर्गला उतरलो. श्रावण होता, बोरी नदीला पाणी होतं. किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांना जोडणारा आदिलशाही काळातला बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलो. दगड ओले, भिंतीला हात लावला तर थरथर जाणवते. नर आणि मादी, दोन्ही धबधबे चालू होते. खिडकीपाशी उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो, तुषार तोंडावर येतात, आणि त्या पडद्यापलीकडं हिरवं काहीतरी हलत असतं, ते झाड आहे की शेत ते कळत नाही. टेलर इथं आला असणार. वेंकटप्पाला राज्य देऊन आलेली ती वर्षं, मुलाची पत्रं येत असतील, तक्रारी कानावर येत असतील. त्याला तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं.

मी बहिणीला सुरपूरची सगळी हकीकत सांगायला लागले. पाण्याच्या आवाजात तिला अर्धं ऐकू येईना. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगत होते, ती "काय? काय?" करत होती. आणखी दोघं-तिघं आमच्याकडं बघायला लागले. शेवटी मी थांबले. आम्ही दोघी खिडकीच्या दगडाला धरून नुसत्या उभ्या राहिलो.

"अप्पांना आणायला हवं होतं गं," ती माझ्या कानाशी ओरडली. "साचेखात्यातला माणूस. या आवाजात त्यांचं नीट ऐकू आलं असतं."